सहाला तीन शतांश कमी

३ फेब्रुवारी. रक्तदाब १३८/८८.

डॉक्टरांनी रोज सकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितलं आहे. नुसता आकडा लिहिणं माझ्याच्याने होत नाही. सव्वीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढली. संदर्भ नसलेला आकडा समोर आला की कपडे न घातलेला माणूस दारात उभा राहिल्यासारखं वाटतं. म्हणून शेजारी चार ओळी लिहिणार आहे. मशीन लेकीने आणून दिलं. तिला वाटतं मी फार काळजी करतो. मी काळजी करत नाही, पडताळणी करतो.

आज मोठ्या कामाला हात घातला. दर तीन वर्षांनी जागतिक वर्गवारी समितीला देशाची माहिती पाठवायची असते. समिती देशांचे तीन वर्ग करते: विकसित, विकसनशील आणि अल्पविकसित. आम्ही तिसऱ्यात, अगदी पहिल्यापासून. वर चढायला तीन कसोट्या आहेत: उत्पन्न, आरोग्य आणि शिक्षण. तीनपैकी दोन पार केल्या की वरचा वर्ग. उत्पन्नात आपण मागच्या खेपेला पास झालो, खाणीच्या कृपेने. आरोग्यात नापास होणार असं आरोग्य खात्याने लेखी कळवलं आहे. ते एक काम त्यांनी वेळेवर केलं. राहिलं शिक्षण. पंचवीस वर्षांवरचा माणूस सरासरी किती वर्षं शाळेत गेला, हा आकडा सहा तरी हवा. तो आकडा माझ्या टेबलावर तयार होतो.

९ फेब्रुवारी. १४०/९०.

लेकीचं पत्र आलं. म्हणजे परदेशातल्या विद्यापीठाचं तिला आलं. निवड झाली आहे. पाण्याच्या तपासणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सगळा खर्च त्यांचा. ती शहराच्या पाणीपुरवठा प्रयोगशाळेत काम करते. तिथलं शिसं मोजायचं यंत्र चार वर्षं बंद आहे, त्यामुळे चार वर्षांत शहराच्या पाण्यात शिसं सापडलेलं नाही. तिला हे सहन होत नाही. माझ्यावर गेली आहे.

अट एकच. शिष्यवृत्ती फक्त अल्पविकसित देशांच्या नागरिकांना. जुलैच्या पहिल्या तारखेला देश ज्या वर्गात असेल तो वर्ग धरणार. वयाची मर्यादा सव्वीस, आणि तिला डिसेंबरात सत्तावीस पूर्ण होतील. म्हणजे यंदा किंवा कधीच नाही.

माझी बायको, म्हणजे ही, पत्र दोनदा वाचून म्हणाली, "म्हणजे देश मागे राहिला तर आपली मुलगी पुढे जाणार."

मी म्हटलं, असं सरळ सरळ म्हणता येणार नाही.

"मग वाकडं म्हणा," ही म्हणाली आणि पाणी भरायला गेली. आमच्याकडे एक दिवसाआड येतं. आमच्या खात्याच्या फॉर्मवर प्रश्न आहे, घरात नळ आहे का. आमच्या घरापुढे 'आहे' अशी नोंद आहे.

१७ फेब्रुवारी. १२८/८२.

आकडा आला. ५.९७. तीन वेळा केला, तिसऱ्यांदा उलट्या बाजूने. सहाला तीन शतांश कमी.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही: मला हायसं वाटलं. देश जिथल्या तिथे राहिला आणि मी टेबलाखाली पाय लांब केले. लगेच लाजही वाटली. सव्वीस वर्षांत कुठल्या आकड्याने मला आनंद झाला नव्हता, आणि सांख्यिकीवाल्याला तो होऊही नये. घरी काही बोललो नाही, कारण अहवाल गोपनीय आहे. जेवताना मात्र मी दोनदा एकटाच हसलो असं हिचं म्हणणं.

२० फेब्रुवारी. १३४/८६.

संचालक साहेबांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत नवा फोटो लागला आहे. वरच्या खोऱ्यात खाणीच्या वसाहतीचं उद्घाटन झालं, मंत्री फीत कापताहेत, साहेब मागे उभे. फोटो चांगला आला आहे, पण मागच्या गावात सगळ्या दारांना कुलपं. सुट्टीचा दिवस असावा.

साहेब म्हणाले, "तीन शतांशांनी हुकलं म्हणायचं."

"हो साहेब."

"वरच्या खोऱ्याचे फॉर्म वेळेवर येतात ना?"

वरच्या खोऱ्याकडे जाणारा पूल अकरा वर्षांपूर्वी वाहून गेला. तेव्हापासून तिथून एकही फॉर्म आलेला नाही. फॉर्म आला नाही की मागच्या वर्षाचं पान पुढे उतरवायचं आणि सरासरीत एक दशांश वाढवायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. पद्धतीला नाव 'मागचं पान'. ती मी सुरू केलेली नाही, पण अकरा पानं माझ्याच अक्षरात आहेत. खोऱ्यातली चाळीस हजार माणसं दरवर्षी न चुकता एक दशांश शहाणी होत आली आहेत. मूळ आकडा ३.१ होता, आता ४.२ आहे.

सगळं कबूल केलं. साहेब रागावले नाहीत. उलट म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाच्या मनाला हे टोचत असणार."

खरंच टोचत होतं. कोणी विचारलं नव्हतं एवढंच. साहेबांनी आजच खोऱ्यात पथक पाठवायची परवानगी दिली. एरवी साध्या पेट्रोलच्या मंजुरीला आठ महिने लागतात. आज जीप टाकी भरून खाली उभी होती आणि खाणीच्या खासगी रस्त्याचा पासही काचेवर चिकटवलेला होता. नशीब असं कधीतरी साथ देतं.

२१ फेब्रुवारी. १३०/८२.

हिला सगळं समजावलं. अकरा वर्षं मी आकडा वाढवत आलो. खोऱ्यातल्या शाळा पुलाबरोबरच बंद पडल्या. म्हणजे खरा आकडा कमीच निघणार, देश आणखी थोडा खाली जाणार, लेक बिनघोर जाणार, आणि माझं मन साफ होणार.

"खरं बोलून एवढा फायदा होतोय तर जरा जपून," ही म्हणाली.

११ मार्च. १४४/९२.

पथक परत आलं. बरोबर आमचा नकाशेवाला गेला होता. तो माझ्याच वयाचा, मला दशांशराव म्हणतो. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर टाकून म्हणाला, "घ्या दशांशराव. हलका आहे, एका हाताने उचला."

दोनशे बारा वाड्यांपैकी एकशे एकोणनव्वद वाड्यांत प्रत्येक घराला कुलूप. काही घरांना कुलूपही नाही, नुसती कडी. खाण आली, वरचा ओढा खाणीने वळवला आणि माणसं हळूहळू निघून गेली. उरले वनरक्षक, हवामान केंद्राचे दोघे, एक निवृत्त मास्तर, आणि खाणीच्या वसाहतीतले इंजिनियर, त्यांचे डॉक्टर, त्यांचे हिशेबनीस. पूर्ण खोऱ्यात मिळून नऊशे माणूस. सरासरी शिक्षण ११.४ वर्षं.

"देशातला सगळ्यात शिकलेला जिल्हा," नकाशेवाला म्हणाला. "तिथे आता फक्त विद्यार्थी तेवढे उरले नाहीत."

१३ मार्च. १५८/९८. मशीनचे सेल बदलले. नव्या सेलवर १६०/१००.

चाळीस हजार कमी शिकलेली माणसं बेरजेतून गेली, नऊशे जास्त शिकलेली आली. देशाची सरासरी ६.०५.

चार वेळा केलं.

१४ मार्च. १५६/९८.

नकाशेवाल्याला विचारलं, गेलेली माणसं कुठे आहेत? सगळ्यांना माहीत आहे म्हणाला. नदीपलीकडे, वीटभट्ट्यांच्या मागे, पत्र्यांची वस्ती. माझ्या कचेरीच्या गच्चीवरून दिसते. पण आमच्या नकाशात ती वस्ती नाही, आणि जी नकाशात नाही तिथे मोजणी होत नाही.

"मग नकाशात घे."

"साहेबांचा हुकूम आण. मी दोनदा मागितला, दोनदा फाइल हरवली."

खोऱ्यात त्यांना धरता येत नाही, कारण नियम आठ: घर सहा महिन्यांहून जास्त बंद असेल तर त्यातली माणसं धरू नयेत. नियम आठ एकोणीस वर्षांपूर्वी मीच लिहिला, माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. एकदाही मोजला जाणार नाही, हे मला सुचलं नव्हतं.

अहवालावर मी आक्षेप लिहू शकतो. वस्ती मोजल्याशिवाय आकडा पक्का धरू नये, एवढी एक ओळ पुरे. वस्ती धरली तर आकडा सहाच्या खाली जाणार यात शंका नाही. पण मग खात्यात काय म्हणतील? मुलीची शिष्यवृत्ती अडकली तशी म्हाताऱ्याला गरिबांची आठवण झाली. आणि म्हणतील ते चूक कसं ठरवू? ५.९७ आला तेव्हा मी टेबलाखाली पाय लांब केले होतेच. ज्या माणसाचा फायदा आहे त्याने गप्प बसावं, हे मी आयुष्यभर पाळलं. भावाच्या मुलाला खात्यात लावलं नाही म्हणून भाऊ आजही बोलत नाही.

१८ मार्च. १६२/१००.

सही केली. नियमाप्रमाणे, ६.०५. साहेबांनी उठून हात मिळवला. "तुमची स्वतःची मुलगी असताना..." म्हणाले आणि रुमाल काढला. लेकीच्या शिष्यवृत्तीबद्दल मी त्यांना कधी सांगितल्याचं आठवत नाही. मोठ्या माणसांना सगळी माहिती असते.

खूप हलकं वाटतंय. मशीन तसं दाखवत नाही.

२० मार्च. १६०/९८.

घरी सांगितलं. आकडा जाहीर व्हायच्या आत सांगणं नियमात बसत नाही, पण आणखी थांबणं जमेना. लेक भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ठीक आहे बाबा." आवाज नेहमीसारखाच होता. तिने फार समजुतीने घेतलं.

मग म्हणाली, "पण ती माणसं गेली कुठे?"

वस्तीचं सांगितलं. नियम आठही सांगितला.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे ती कुठे आहेत."

"हो."

"आणि तुम्ही ती नाहीत असं लिहिलंत. माझ्यामुळे."

मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही, तुझा फायदा होऊ नये म्हणून. संध्याकाळी नळाला पाणी नव्हतं तरी ती न्हाणीघरात बराच वेळ होती. ही माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं का, हेसुद्धा बोट दाखवून विचारते.

९ एप्रिल. १५२/९४.

समितीने तात्पुरता निकाल कळवला: आपण विकसनशील. हरकती असल्यास तीस एप्रिलपर्यंत पाठवाव्यात. कचेरीवर कापडी फलक लागला. नव्या विकास मंत्रालयाच्या सचिवपदासाठी साहेबांचं नाव जवळजवळ नक्की आहे असं ऐकतो. मला शाल दिली. उकाडा फार आहे.

१२ एप्रिल, रविवार. १४८/९४.

कपाटातले जुने रद्द फॉर्म दिसेनात. कोरे होते, मी याद्यांसाठी ठेवले होते. हिला विचारलं. तिने खिडकीबाहेर बोट केलं. बोटाच्या दिशेला नदी आहे.

मी चपला घातल्या. वस्तीत पोचलो तेव्हा लेक एका पत्र्याच्या दारात उकिडवी बसून फॉर्म भरत होती. गुडघ्यावर पाटी, पेन्सिल कानामागे. मला पाहून उठली नाही.

तिसरा रकाना चुकीचा भरत होती. मी सांगितलं. "मग बसा आणि दाखवा," म्हणाली. बसलो.

दारातली बाई खोऱ्यातलीच. तिला विचारलं, शाळेत किती वर्षं?

"दीड."

"दीड नाही लिहिता येत. एक किंवा दोन."

"मग दोन लिहा," बाई म्हणाली. "तुम्ही लांबून आलात." मग म्हणाली, "याआधी कोणी विचारलं नव्हतं हो. विचारल्याचं काय मिळतं?"

मी म्हटलं, काही मिळत नाही.

"बरं झालं. काही मिळतं म्हणाला असता तर दार लावलं असतं."

लेकीने दोन खोडून एक लिहिलं. बरोबर आहे, पूर्ण झालेली वर्षंच धरतात. मला तिचा अभिमान वाटला, आणि तसं मी तिला तिथेच, बाईसमोर, सांगितलं. ती म्हणाली, "पुढचं घर घ्या."

१९ एप्रिल, रविवार. १४६/९०.

आज नकाशेवालाही आला, पिशवीत कागद घेऊन. वस्ती पावलांनी मोजली. "हुकूम नाही, पण रविवारी पाय माझे आहेत," म्हणाला. हीसुद्धा आली. एका घरात म्हातारी बहिरी होती. हिने तिच्याकडून हाताच्या खुणांनी पूर्ण फॉर्म भरून घेतला. महिनाभर सराव चाललेला होता म्हणा.

घरी परतताना ही बोलली. "तुमची चप्पल तुटलीय," एवढंच. पण बोलली.

२६ एप्रिल, रविवार. १४२/८८.

दर सत्तराव्या घराला एक, असा नमुना घेतला. एकूण एकशे अठरा घरं. घरवार शिक्षण, मूळ गाव, खोरं सोडल्याचं वर्ष. सरासरी २.८. मी खोऱ्याला ४.२ पर्यंत शिकवलं होतं, ती माणसं २.८ वर होती.

सगळी धरून देशाची सरासरी ५.९२. लेकीनेही स्वतंत्रपणे काढली. ५.९२.

आकडा पाहून तिने पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं तिला आनंद होईल. "बाबा, आता हे पाठवलंत तर सगळे म्हणतील," ती म्हणाली.

"काय म्हणतील?"

"तुम्हाला माहीत आहे काय म्हणतील. नका पाठवू. मोजलं एवढं पुरे."

तिच्या चेहऱ्यावर मला माझाच चेहरा दिसला आणि अजिबात आवडला नाही. सव्वीस वर्षांची पोर, आणि मी तिला हेच शिकवून ठेवलं. खरं असलं तरी आपल्या फायद्याचं असेल तर झाकून ठेवावं. फार वाईट वाटलं.

२८ एप्रिल. १४०/८८.

हरकत लिहिली. फॉर्म, नकाशा, गणित जोडलं. अकरा वर्षांची मागची पानंही जोडली, माझ्या अक्षरातली. सहीखाली आणखी एक परिच्छेद लिहिला. टपालात टाकून मग कचेरीत गेलो, आधी गेलो असतो तर पाय मागे घेतला असता.

६ मे. १५०/९२.

नकाशेवाल्याची अभिलेख खोलीत बदली. तळघरात आहे. म्हणतो, थंड असतं.

२ जून. १३८/८६.

समितीची दोन माणसं आली आणि वस्तीत पन्नास घरं पुन्हा मोजून गेली. त्यांच्याबरोबर आमच्या खात्यातलं कोणी नव्हतं. वस्तीतल्या त्या बाईने त्यांना दीडच वर्षं सांगितलं म्हणे, आणि त्यांनी एक लिहिलं.

२३ जून. १३६/८६.

काल निकाल आला. हरकत मान्य. देश अल्पविकसित. कापडी फलक काल दुपारी उतरवला. वर्तमानपत्रात 'राष्ट्राच्या प्रगतीला घरचाच सुरुंग' असा मथळा. घर म्हणजे मी. हिने तो कापून ठेवला आहे, का ते सांगत नाही.

लेकीला विद्यापीठाने तारीख कळवली. सप्टेंबर.

साहेबांनी बोलावलं. भिंतीवरचा फोटो उतरवलेला होता, खिळा तसाच. मला बसायला सांगितलं नाही.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाले. "सव्वीस वर्षांची सचोटी धुळीला मिळवलीत. लोक काय म्हणताहेत माहीत आहे? मुलीसाठी केलंत."

तीन महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकून माझी पाचावर धारण बसली असती. आज बसली नाही. थोडा वेळ मी वाट पाहिली, बसते का म्हणून.

"म्हणू देत," मी म्हणालो. "तिच्यासाठीच केलं."

साहेब एकदम पुढे वाकले. "हे लेखी द्याल?"

"दिलंय. हरकतीत, सहीखाली. त्यांनी ते वाचूनच आकडा मान्य केला."

साहेबांनी फाइल ओढली आणि शेवटचं पान काढलं. त्यांनी ते वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. तो परिच्छेद मला पाठ आहे: "या दुरुस्तीमुळे देश खालच्या वर्गात राहील आणि माझ्या मुलीला शिष्यवृत्ती मिळेल. हे दोन्ही मला माहीत आहे, आणि ती जावी अशी माझी फार इच्छा आहे. आकडा तरीही ५.९२च आहे. कृपया येऊन मोजावा."